आधीच धुतलेले पाय

दौंड, ता. १ एप्रिल २०२५

ती. कृपाआजीस सॅम्युएलचा सा. सलाम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इथल्या चर्चचा पाळक होऊन दीड वर्ष झालं, पण मन लागत नाही, आजी. उपदेशात सांगतो की मसीहा देवाचा सेवक होऊन आला, आणि खाली उतरलो की लोक माझी बॅग धरतात. परवा देवळातली सतरंजी झाडायला घेतली, तर मंडळीचे सेक्रेटरी येशुदासअण्णा म्हणाले, साहेब, आमची लाज काढता का!

गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी, प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे, मी बारा जणांचे पाय धुतले. सगळे घरून साबणानं धुऊन, नवे मोजे घालून आलेले. घंगाळातलं पाणी जसंच्या तसं राहिलं. मला नाटक केल्यासारखं वाटलं.

ईस्टरनंतर पाळकपण सोडून पुन्हा शाळेत शिकवावं, असं मनात आहे. बाबांना सांगितलेलं नाही. त्याआधी एकदा तू ये. यंदा बाराव्या खुर्चीवर तू बस.

तुझ्या मायेचा भुकेला,
सॅम्युएल

शिरूर, ता. ५ एप्रिल २०२५

चि. सॅम्युएल यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. पाळकपण सोडायचं म्हंजी काय चप्पल हाय का रे, चावली की काढली? तुझ्या बापाला मी बोलले न्हाई. त्याला बीपी हाय.

खुर्चीवर बसायला मी काय सरपंच हाय? आन् माझे पाय तू बघितलेत. जल्मभर कांदा खुरपून टाचंच्या भेगा आशा, की त्यात बी पेरावं. ही तुझी बहीण मर्सी म्हणती, आजी, शोभा व्हईल. तिनं नवी स्कूटी घेतलीय, शेजारच्या सरूबाईच्या कोंबडीवर घातली परवा. कोंबडी वाचली, सरूबाई अजून वरडतीय. तर मर्सीनं कबूल केलंय, आदल्या दिशी सोड्याच्या पाण्यात पाय भिजवून दगडानं घासून देती. चांगले गुळगुळीत करून येते. तुला खाली बघायला लागू न्हाई.

वाट बघ, आन् जेवत जा.
तुझी आजी कृपा

शिरूर, ता. २० एप्रिल २०२५, ईस्टर

चि. सॅम्युएल, प्रभू उठला हाय! तुला आशीर्वाद.

गर्दीत बोलणं झालं न्हाई. मर्सीनं घासलेल्या पायांचं काय झालं ते सांगते. न्हावऱ्याच्या पुढं एसटीचं टायर बसलं. ऊन मरणाचं. सावलीला बांधावर गेले, तर उसाला पाणी सोडलेलं. घोट्यापातूर चिखलात गेले, आन् चपला तिथंच रुतल्या. म्हाळू म्हणून एक भला माणूस कांद्याच्या पिकपमधनं दौंडला निघाला होता, त्यानं मला घेतलं. देवळात आले तवा गाणं चालू होतं. पाय धुवायला सवड कुठली? बाकीच्यांचे पाय म्हंजी आरसे! मी लुगड्यात पाय वढून बसले. तू आलास तवा पळून जावं वाटलं. पाळकानं हा चिखल धुवायचा? मी न्हाई न्हाई म्हणत व्हते आन् तू टाच धरलीस.

आरं, पाणी काळं झालं. उभा जल्म ऐकत आले, मसीहा देवाचा सेवक. मला वाटायचं, मोठ्या दरबारातला मानकरी असंल. आन् गुरुवारी तुझ्या नखात माझ्या भेगंतला चिखल बघितला. ज्यानं आभाळ ताणलं, दर्याला हद्द घातली, त्यो कमरंला फडकं बांधून आसाच जमिनीवर बसला व्हता का रे? माझ्या अंगावर काटा आला, अजून जात न्हाई. भाकरी थापताना मधीच हात थांबतोय.

तू खाली मान घालून व्हतास, तुला दिसलं न्हाई. येशुदासनं घंगाळ उचलून भाईर नेलं ना, मी खुर्चीवरनंच दारातनं बघत व्हते. पाणी त्यानं वतलंच न्हाई लवकर. त्या घाण पाण्यात हात घालून लिंबाखाली उभा व्हता. पोरागत रडत व्हता. मग डोळे पुसून माझ्या दुसऱ्या पायाला नवं पाणी घेऊन आला.

आता तुझं काय ते तूच ठरव. मी बोलणार न्हाई. (बोलले तर लई बोलंन.)

चपला घ्यायच्यात, मर्सीच्या मागं लागलीय. माया कमी करू नको.
आजी

दौंड, ता. २४ एप्रिल २०२५

ती. आजीस सा. सलाम.

काल सकाळी येशुदासअण्णा घरी आले. बराच वेळ उंबऱ्याशीच उभे. त्यांचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत, हे मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा एकटेच त्यांचं सगळं करायचे आणि लाजेनं कुणाला आत नेत नसत. म्हणाले, बाबांना उचलायला माझी पाठ आता चालत नाही, जरा हात लावता का. साहेब म्हणायचं विसरले.

आम्ही दोघांनी मिळून म्हाताऱ्याला अंघोळ घातली. पाठीवरच्या जखमांना अण्णा फुंकर घालत होते. पुसून झाल्यावर म्हाताऱ्यानं चालणारा एक हात माझ्या डोक्यावर ठेवला. आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचा, मला समजेना. उद्या पुन्हा जायचं आहे, आणि परवाही.

पाळकपण सोडण्याचं माझ्या बाबांना काही सांगू नकोस. सांगण्यासारखं आता राहिलं नाही.

तुझाच,
सॅम्युएल