घोडटेकडीचे उत्तर आणि ओसोकीचे घर

मी, उस्तिना लेओनिदिव्ना लाहोदा, वय एकोणतीस, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, हुद्द्याने लेफ्टनंट, टेहळणी ड्रोन तुकडी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे, डोके ताळ्यावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून समजूत घालणाऱ्या दोघांची नावे खाली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढच्या आठवड्यात आमची तुकडी पुढच्या ठाण्यावर जात आहे, म्हणून आता करते.

१. बँकेतील माझी सर्व शिल्लक माझी आई, हालिना लाहोदा, मुक्काम व्रोत्स्वाफ, पोलंड, हिला मिळावी. आईने त्यातून माझ्या नावाचा दगड कोरून घेऊ नये. तिला दात बसवायचे आहेत. ते ती तीन वर्षे पुढे ढकलते आहे, ते आधी बसवावेत.

२. सोल्डरिंगचे यंत्र, ऑसिलोस्कोप, सूक्ष्मदर्शक आणि कॉफीचे यंत्र आमच्या कार्यशाळेला, म्हणजे त्या दिवशी तिथे जो काम करत असेल त्याला. निळ्या डब्यातील बॅटऱ्या फुगलेल्या आहेत, त्या कोणी वापरू नयेत. सार्जंट ह्लिब ओनुफ्रिचुक, ज्याला सगळे 'आजोबा' म्हणतात, तो साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही. हे कळल्यावर तो म्हणाला की एका सहीपायी कॉफीचं यंत्र घालवणारा त्याच्या घराण्यातला तो पहिलाच. तसे आहे खरे.

३. लाहोदा हे आईचे आडनाव. मी लेफ्टनंट जनरल लेओनिद किंद्रातोविच वेरेमिय यांची मुलगी आहे. सैन्यात दाखल होताना आईचे आडनाव लावले, कारण मला कोणी सुरक्षित जागी बदलावे किंवा मुद्दाम धोक्याच्या जागी पाठवावे, दोन्ही नको होते. बाबांनी एकदा मला कीव्हला एका कार्यालयात ओढण्याचा प्रयत्न केला. मी नकार दिला. त्यांनी पुन्हा विचारले नाही, याची नोंद त्यांच्या बाजूने व्हावी.

त्यांच्याविषयी आणखी लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही.

सोव्हिएत रणगाडा विद्यालयातून ते बाहेर पडले तेव्हा देशच संपत होता. त्यांच्या वर्गातले अर्धे मॉस्कोकडे गेले. यांनी कीव्हची शपथ घेतली आणि पुढची वीस वर्षे डिझेल नसलेल्या रणगाड्यांची निगा राखली. २०१४ मध्ये ते पूर्वेला गेले. २०२२ च्या आक्रमणाच्या पहिल्या महिन्यात उत्तरेकडच्या नदीवर त्यांनी शत्रूला अडवले: बांध फोडून कुरणे पाण्याखाली घातली, शत्रूचे रणगाडे चिखलात रुतले. बांधाखालच्या तीन गावांची तळघरे आणि बटाटे वाहून गेले. तिथले लोक अजून त्यांना शिव्या देतात, आणि अजून जिवंत आहेत. हा निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे. शिपायांनी त्यांचे नाव 'खिळा' ठेवले, जिथे ठोकला तिथून हलत नाही म्हणून. ड्रोनना ते बराच काळ खेळणी म्हणत. पुढे त्यांनी आपले मत बदलले, पण तसे म्हणाले नाहीत.

मग २०२३ च्या शरदात घोडटेकडी. टेकडीवरच्या, बाबांच्या हाताखालच्या कंपनीने माघारीची परवानगी मागितली. परवानगी आली तेव्हा खालचा एकमेव रस्ता शत्रूच्या माऱ्याखाली होता. उतरायला निघालेल्यांपैकी बहुतेक परत आले नाहीत. काहींचे देहही मिळालेले नाहीत. चौकशी बसली, चौकशी उठली, बाबांना बढती मिळाली. तेव्हापासून 'खिळा' हेच नाव लोक दात खाऊन घेतात.

परवानगी उशिरा का आली हे मी बाबांना एकदाच विचारले, बोर्श्च सूपचे ताट समोर असताना. ते म्हणाले, "सैनिक वरच्याचं नाव घेत नाही, आणि खालच्याचंही नाही." मग भाकरीचा तुकडा मोडून खात राहिले. उशीर वरून झाला, खालून झाला की त्यांच्याकडूनच, हे या उत्तरावरून ठरत नाही. मला माहीत नाही. अंदाज लिहिण्याची मला सवय नाही.

४. मी युद्धात मेले, तर "जनरलने पोटची पोर दिली" असे कोणीही कोणत्याही व्यासपीठावरून म्हणू नये. मला कोणी दिलेले नाही. मी आपणहून आले. तसेच "देवाने न्याय केला" असेही कोणी म्हणू नये. माझ्या मरणाने त्यांची बाजू बळकट होत नाही आणि कमकुवतही होत नाही. अंत्यविधीला बाबांनी यावे, उभे राहावे, भाषण करू नये.

५. पोल्तावा प्रांतातील ओसोकी गावचे घर, विहीर, सफरचंदाची बाग आणि मधमाश्यांच्या पेट्या माझ्या नावावर आहेत. माझे खरे आजोबा, बाबांचे वडील किंद्रात वेरेमिय, यांनी मुलाला वगळून हे सगळे मला दिले. घोडटेकडीवरच्या त्या कंपनीत ओसोकी गावचे दोन मुलगे होते. आजोबा दुकानात गेले की कोणी काही बोलत नसे, आणि तेच त्यांना सोसत नसे. त्या हिवाळ्यात त्यांनी कागद बदलला. बाबांनी आयुष्यात मागितलेली एकच वस्तू म्हणजे हे घर. निवृत्त होऊन तिथे राहायचे, त्या मातीत पुरले जायचे, असे ते नेहमी म्हणत.

हे घर त्यांनाच मिळावे, पण एका अटीवर.

पोल्तावात रंगमंदिरासमोर दर रविवारी घोडटेकडीच्या आया मुलांचे फोटो धरून उभ्या राहतात. बाबांनी तिथे जावे. गाडी, शरीररक्षक, पदके आणि प्रवक्ता यांच्याशिवाय जावे. परवानगी उशिरा का आली, या प्रश्नाचे उत्तर द्यावे. उत्तरात नाव घ्यावे लागले तर घ्यावे, मग ते वरचे असो, खालचे असो की स्वतःचे.

पहिल्या मसुद्यात अट मोडल्यास घर राइसा सावेलिव्ना द्झ्युबा यांना मिळावे असे होते. त्यांचा मुलगा ओस्ताप बेपत्ता आहे, आणि त्या आयांच्या वतीने बोलतात. गेल्या सुट्टीत मी त्यांना भेटून सांगितले की मी वेरेमियची मुलगी.

"सांगायला कशाला हवं," त्या म्हणाल्या. "तोच जबडा टीव्हीवर बघते की."

मी घराचे सांगितले. फोटो छातीशी तसाच धरून त्यांनी ऐकून घेतले.

"मला नको घर, पोरी. ओस्ताप आला तर माझ्याच दारात येणार. तुझ्या बापाला येऊ दे. सरकून जागा देईन उभं राहायला. शिव्या देणार नाही असं मात्र म्हणत नाही."

म्हणून दुरुस्ती: अट पुरी झाली नाही तर घर ओसोकीच्या ग्रामसभेकडे जावे, जखमी सैनिकांना बरे होईपर्यंत राहण्यासाठी. त्यावर वेरेमिय नावाची पाटी लावू नये. बाबांनी उत्तर दिले की टाळले, हे राइसा सावेलिव्ना ठरवतील. उत्तर त्यांना पटले पाहिजे असे नाही. फक्त ते उत्तर असले पाहिजे.

मृत्युपत्र प्रमाणित करण्याचा अधिकार आमच्याकडे तुकडीप्रमुखालाही असतो. मेजर दानिलो पेरेहुदा यांनी हे कलम दोनदा वाचले.

"उस्तिना, जनरलवर अट तुझी आणि खाली शिक्का माझा? मला खंदकात पाठवतील."

"सर, आत्ता आपण कुठे बसलो आहोत?"

त्यांनी छताच्या ओंडक्यांकडे पाहिले आणि शिक्का शोधायला लागले. मग गंभीरपणे म्हणाले की हे उघडेल तेव्हा तुझा बाप आधीच मोडलेला असेल, मेलेल्या मुलीची अट ही शिक्षा होते. हा आक्षेप योग्य आहे. पुढचे कलम त्यामुळे घातले.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायची रीत आहे. हे झाकून ठेवलेले नाही. शिक्का बसताच याची प्रत बाबांना जाईल, दुसरी राइसा सावेलिव्नांना. अट पुरी करायला माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मी जिवंत असताना त्यांनी ती पुरी केली, तर घर मी बक्षीसपत्राने त्यांच्या नावावर करीन आणि पाचवे कलम रद्द समजावे. येता रविवार सहा तारखेला आहे. आया सकाळी दहाला जमतात.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यातील एकही शब्द मागे घेत नाही.

स्थळ: तुकडीचा तळ, खार्कीव्ह प्रांत
दिनांक: ३ जुलै २०२५, गुरुवार

सही: उ. ले. लाहोदा

साक्षीदार:
१. सार्जंट ह्लिब ओनुफ्रिचुक
२. वैद्यकीय सहायक झोर्याना किटसुल

प्रमाणित: मेजर दानिलो पेरेहुदा, तुकडीप्रमुख (शिक्का)