वारजे येथील इमारतीच्या बुजवलेल्या चौकाबाबत

मी, दीनानाथ गोविंद खांबेटे, वय ७१, व्यवसाय वास्तुरचना, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्याला हा कागद माहीत नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव पत्नी नीरजा हिला. तिच्या पश्चात मुलगा केयूर यास. त्याला मी वगळत नाही. वगळले तर म्हातारा रागावला होता एवढेच लोक बोलतील आणि कलम चार कोणी वाचणार नाही.

२. ड्रॉइंग बोर्ड व पेने नात सुरुची हिला. घर काढण्याआधी ती उत्तर कुठे ते विचारते.

३. वारजे येथे श्रीमती मालनबाई बराटे यांच्या शेतावर मी चौदा मजली इमारत आखली. खाली दुकाने, तिसऱ्या मजल्यावर कार्यालये, वर घरे. मधोमध तळापासून गच्चीपर्यंत उघडा चौक, पश्चिमेला खोल सज्जे. गरम हवा चौकातून वर निघून जावी, घरे एसीवाचून थंड राहावीत, हा हिशेब. मालनबाईंना जमिनीच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर घर ठरले. त्यांनी नकाशा उलटा धरून विचारले, "वारा येईल ना, भाऊ?" मी "येईल" म्हणालो. त्यांनी अंगठा दिला.

२००३ साली हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाताना मी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यांवर कोऱ्या सह्या करून गेलो. आमच्या धंद्यात ही पद्धत आहे. इतरांना मी त्यावरून झापले आहे. इथे माझ्या जागी काम पाहणारा माझाच मुलगा केयूर होता.

परत आलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर चौकात स्लॅब पडली होती. सॉफ्टवेअर कंपनीला अखंड हॉल हवा होता. हॉलच्या छतावर, चौथ्या मजल्याच्या खिडक्यांपुढे, तिच्या एसीची यंत्रे. सज्जे गायब, जागी काच. आणि दाखल्यावर माझ्या सहीने सारे नकाशाप्रमाणे पूर्ण.

"बाबा, तुमचे सज्जे बघून कंपन्यांना सरकारी क्वार्टर्स आठवतात," केयूर म्हणाला.

"आणि चौक?"

"चौक भाड्याने जात नाही."

माहितीपत्रकावर मात्र त्याने माझाच नकाशा छापला, वाऱ्याचे बाण दाखवलेला. वर 'पर्यावरणपूरक'.

गेल्या महिन्यात मालनबाईंकडे गेलो. स्वयंपाकघराची खिडकी खिळे ठोकून बंद होती. "वारा न्हाय भाऊ, भट्टीचं तोंड हाय," त्या म्हणाल्या. "आन् शबुद तुमी दिलता. पोरानं न्हाय."

स्लॅब फोड, असे केयूरला सांगितले. "कोऱ्या सह्या बाहेर येतील, तुमची आर्किटेक्टची नोंदणी रद्द होईल, बाबा." माझी एवढी काळजी त्याने शस्त्रक्रियेच्या वेळीही केली नव्हती.

४. मूळ मंजूर नकाशे व कोऱ्या सह्यांचा माझा लेखी कबुलीजबाब ~~माझ्या पश्चात~~ मालनबाईंना द्यावा. त्याआधारे सोसायटीने चौक मोकळा करून घ्यावा.

५. 'माझ्या पश्चात' हे शब्द नीरजाच्या आग्रहावरून घातले होते. "आपण आहात तोवर तरी नको," ती म्हणाली. आज वाचताना ते मीच खोडले. शेजारी सही आहे. कागद मालनबाईंच्या हाती आजच, मी जिवंत असताना, दिले आहेत. मेलेल्या माणसाची नोंदणी कोणी रद्द करत नाही.

लिहून देणार: दीनानाथ गोविंद खांबेटे

समक्ष सह्या:
माधव जोगळेकर, शेजारी
संपत ढमाले, निवृत्त शिक्षक, धायरी

पुणे, १२ मे २००८