रिकाम्या टोपलीचं वजन

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार घाईचा आहे, पण वाकून केलाय.

पत्ता पुन्हा बदललाय, पाठीमागे लिहिलाय. आमची छटाक जन्मल्यापासूनची ही सहावी खोली. खिडकी एकच, तीही गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून. त्या गोदामातले सगळे वजनकाटे दुरुस्त करायचं काम आम्हा नवराबायकोकडे आलंय, म्हणजे महिनाभर तरी सामान सोडायला हरकत नाही. मी अर्धंच सोडलंय. सगळं सोडलं की लगेच निघायची वेळ येते, असा माझा अनुभव आहे.

तुझी भाची आठ महिन्यांची झाली. रांगते कसली, सुटतेच! मी काटा जुळवत बसते आणि ही पेटीतलं छोटं पितळी वजन उचलून तोंडात घालते. हे म्हणतात, वजन झिजलं तर कंपनीला काय सांगायचं, पोरीने चाटून खाल्लं? आमचा रिवाज मात्र आम्ही मोडलेला नाही. काटा दुरुस्त झाला की त्यावर पहिलं वजन छटाकचं. तीच ती जाड वेताची टोपली, जिच्या तळाला यांनी रंगाने ‘२ किलो ३००’ लिहिलंय. तेवढं वजा केलं की उरते ती आमची कन्या. काल सात किलो नऊशे भरली. गोदामाचा मुकादम म्हणाला, एवढ्या काळजीने सोनारसुद्धा तोलत नाही.

तू ओरडणार हे ठाऊक आहे. ओरड, पण पत्र मोठं लिही. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. आणि सोबत एक धपाटा.

सहा खोल्या! अगं, मांजरसुद्धा पिल्लं इतकी हलवत नाही. माझ्या बाइंडिंगच्या खोलीत पंचवीस वर्षं तेच टेबल, तीच सुई, तोच खळीचा डबा. तुला हे ऐकूनच गुदमरायला होतं, माहीत आहे मला. लहानपणी जेवतानाही तुझा पाय टेबलाखाली हलत असायचा. पण मूल म्हणजे काही वजनांची पेटी नाही, उचलली आणि निघालो.

पोरीला भिंत ओळखीची व्हायला हवी, दार ओळखीचं व्हायला हवं. तुझे भावोजी गेल्यापासून या घरात आवाज म्हणशील तर कागद कापल्याचा तेवढा. म्हणून बोलते असं समजू नकोस. पण समजलीस तरी चालेल.

फोटो पाठव. ते पितळी वजन आधी पेटीत ठेव. रागावलीस तरी पत्र टाकायला चुकू नकोस.

तुझी ताई

३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जीव थाऱ्यावर नाही, म्हणून वेडंवाकडं लिहिते आहे. सातव्या खोलीत आलो. येताना ट्रकमध्ये वेताच्या टोपलीवर वजनांची पेटी आदळली आणि टोपलीचा चुराडा झाला. यांनी बाजारातून दुसरी आणली, निळी, प्लास्टिकची. पोरीला फार आवडली. पण तिला काट्यावर ठेवलं आणि बघते तर काय, टोपली वजा जाता सात किलो तीनशे! दोन महिन्यांत वाढायच्या ऐवजी सहाशे ग्रॅम घटली.

यांनी काटा पुन्हा जुळवला. मी सगळी वजनं पुसून पुन्हा लावली. तीन वेळा तोललं, आकडा तोच. आमचा काटा खोटं बोलत नाही, ताई, आमचं पोटच त्यावर आहे.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मूल ठणठणीत आहे, साडेआठ किलो आहे. पण मी त्यांचा काटा पाहिला ना! सुई शून्यावरसुद्धा नव्हती. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, बाई, काटा बघू नका, मुलगी बघा. असल्या काट्यावर विसंबणाऱ्या माणसावर मी कसा विश्वास ठेवू? मला आता तिचे दंड बारीक दिसतात, गाल बसलेले दिसतात. हे पुन्हा पुन्हा काटाच पुसत बसतात आणि त्यानेच मला जास्त भीती वाटते.

तूच सांग काय करू. या खेपेला ओरडू नकोस.

धाकटी

५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ओरडत नाही. तिला इकडे घेऊन ये. वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि एकच छप्पर. साडेनऊ किलो झाली आणि चालायला लागली की घेऊन जा, मी अडवणार नाही. तू इथे राहशील का, हे मी विचारतही नाही. तुम्हा दोघांशिवाय ते काम उभं राहत नाही, ठाऊक आहे मला. टेबल भिंतीला सरकवलंय. पंचवीस वर्षांनी सरकलं, खाली फरशीचा रंगच वेगळा निघाला.

वाट बघते.
ताई

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिला तुझ्याकडे ठेवून आले त्याला तेरा दिवस झाले. बसमध्ये चढताना मी मागे पाहिलं नाही, म्हणून तुला राग आला असेल. पाहिलं असतं तर उतरलेच असते.

इथे खोली नीटनेटकी आहे, जिथे ठेवलेली वस्तू तिथेच सापडते. मला हे मुळीच सहन होत नाही. कामावर शिडीवर चढले की सवयीने आधी खाली बघते, कुणी रांगत तर नाही ना. यांनी काल निळी टोपली माळ्यावर टाकली, तर मी विनाकारण त्यांच्या अंगावर धावून गेले. वजन किती झालं? पाऊल टाकते का? मला विचारते का? नको, हे शेवटचं सांगू नकोस.

तिच्यावर आहे त्यातला थोडा लोभ माझ्यासाठीही शिल्लक ठेव.

धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काळजी करू नकोस. खाते, झोपते, कागदाच्या कातरणात लोळते. परवा खळीच्या डब्यात दोन्ही हात घातले आणि एका जाडजूड वहीला स्वतःच चिकटून बसली. सोडवता सोडवता आम्ही दोघी इतक्या हसलो की गिऱ्हाईक दारातून आत येईना.

वजनाचं म्हणशील, तर तुमच्यासारखा काटा मी कुठून आणू? होईल हळूहळू. चालण्याचीही घाई करू नकोस, प्रत्येक मुलाची वेळ असते. तुम्ही हातातलं काम पुरं करा. निवांत या.

आशीर्वाद आहेतच.
ताई

५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज तिचा पहिला वाढदिवस आणि मी इथे. यायचं ठरत होतं, पण साखर कारखान्याचं मोठं काम लागलंय, ट्रक तोलायचे काटे आहेत. अजून महिनाभर तरी सुटका नाही. वजन अजून भरलं नसेलच, तर तशी घाईही नाही म्हणा.

फ्रॉक पाठवलाय. मापाला लहान झाला तर कळव. नाही, मोठा झाला तर कळव. डोकं ठिकाणावर नाही माझं. यांनी तिच्यासाठी कारखान्याच्या लहान काट्यावर एक पाकीट साखर तोलून ठेवलीय, अगदी ग्रॅम न् ग्रॅम.

धाकटी

२२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ. ते तरी कोणत्या तोंडाने लिहू, असं झालंय.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. वाचून झालं की काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तू गेलीस त्याच आठवड्यात रद्दीवाला कातरण न्यायला आला होता. त्याच्या काट्यावर मी छटाकला नुसती उचलून बसवली, टोपली नाही की काही नाही. आठ किलो नऊशे! वाटलं, रद्दीवाल्याचा काटा, तो काय खरं बोलणार. म्हणून मला वजन ठाऊक असलेला कागदाचा कोरा गठ्ठा ठेवून पाहिला. तो बरोबर भरला. पोरगी कधी घटलीच नव्हती, धाकटे. तुमचं कुठे चुकलं ते मला कळलं नाही, पण कुठेतरी चुकलं होतं, एवढं मला मे महिन्यातच कळलं होतं. आणि मी तुला लिहिलं की काटा कुठून आणू.

अजून आहे. ती चालते. चार जुलैपासून. टेबलापासून दारापर्यंत सात पावलं टाकली, पडली, आणि माझ्याकडे बघून हसली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. त्या रात्री तुला लिहायला बसले आणि नुसता कागद दुमडत राहिले. वाटलं, कळवलं की नेतील. टेबल पुन्हा मधोमध येईल. ती मला काय हाक मारते ते लिहीत नाही. दर वेळी मी तिची चूक सुधारली, एवढ्यावर मात्र विश्वास ठेव.

तुझ्या वाट्याचं पहिलं पाऊल मी चोरलं. त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. ये आणि तिला घेऊन जा.

तुझी ताई

२६ जुलै

ताई,

नमस्कार, कसा तो तूच समजून घे. तुझं पत्र वाचून मी संतापाने कागद ओढला. चार पानं लिहिली. अशी काही लिहिली की तू जन्मात दार उघडलं नसतंस. मग फाडली, कारण मला तोंडच नाही.

एक जुलैला मी माळ्यावरची निळी टोपली काढून तीत सुटे नटबोल्ट भरणार होते. भरण्याआधी टोपली सहज काट्यावर ठेवली. रिकामी. एक किलो शंभर. काढून पुन्हा ठेवली, आकडा तोच. टोपली बदलली आणि आम्ही दोघं दिवसाला शंभर काटे तपासणारे शहाणे, वजा मात्र जुन्या टोपलीचे दोन किलो तीनशेच करत राहिलो! डॉक्टरांची सुई शून्यावर नव्हती म्हणून मी त्यांना नावं ठेवली. ते म्हणाले होते, मुलगी बघा. मी मुलगी सोडून आकडा बघत बसले.

आता खरं ऐक. हे मला तिच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी कळलं होतं. तरी मी तुला कारखान्याचं कारण लिहिलं. यांनासुद्धा सांगितलं नाही, ते त्याच पावली निघाले असते. वर्षभरात पहिल्यांदा मला सलग झोप मिळत होती, ताई. दोन्ही हात मोकळे होते. शिडीवरून खाली बघायचं मी विसरायला लागले होते आणि ते मला बरं वाटत होतं. मग बरं वाटलं म्हणून रडू यायचं. रोज ठरवायचे, आज लिहू. तू म्हणतेस पाऊल चोरलं. मी तिथे असते तर चोरीला गेलं असतं का?

काल रात्री यांना सगळं सांगितलं.  त्यांनी उठून माळ्यावरची टोपली काढली आणि तिच्या तळाला रंगाने ‘१ किलो १००’ लिहिलं. मी म्हटलं, आता ती त्यात मावणार आहे का? तरी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या बसने आम्ही येतोय. नेणार आहोत, हे आधीच सांगते, म्हणजे तुला आशा नको. पण टेबल लगेच मधे ओढू नकोस. पुढची खोली मोठी आहे म्हणतात. तूही चल महिनाभर, खळीचा डबा घेऊन. तुझ्याशिवाय ती झोपणार नाही, आणि तिला कसं झोपवायचं ते मला आता तुझ्याकडूनच शिकावं लागणार.

एकच कर. आम्ही आलो की आई आली, आई आली म्हणून तिला माझ्याकडे ढकलू नकोस. ओळखलं नाही तर नाही. तुला हाक मारते ती मारू दे, तिची चूक सुधारू नकोस. मी दारापाशी जमिनीवर बसेन, पितळी वजनांची पेटी उघडेन आणि ती मांडत राहीन. टेबलापासून दारापर्यंत सात पावलं आहेत ना? येईल ती तेव्हा येईल. मला घाई नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी