बटणांच्या फोनातला रुपया

४ ऑगस्ट, सोमवार

तरसालीच्या शाकबाजारात (म्हणजे भाजीबाजारात) आमच्या चाचणीचा पहिला आठवडा संपला. निकाल भोपळा. अहवालात जवळजवळ प्रत्येक व्यवहारापुढे एकच शेरा : ग्राहकाने नाकारला.

बिपिनभाईंचा अहमदाबादहून फोन. "मंजिरीबेन, लोकोने नथी जोईतुं. आपणे शुं काम पाछळ पडवुं?" लोकांनाच नको तर मागे कशाला लागायचं, असं साहेबांचं म्हणणं. त्यांना पहिल्यापासून स्मार्टफोनचं ॲप हवंय. बटणांचे फोन म्हणजे अडगळ. दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. नाही चाललं तर अलकापुरीचं ऑफिस बंद, आणि बटणवाल्यांचा विषयही कायमचा बंद.

मला नोकरीची भीती नाही. (खोटं. आहे.) पण भीतीपेक्षा राग जास्त आलाय.

५ ऑगस्ट

आईने विचारलं, "तू नक्की विकतेस तरी काय गं?"

"विकत नाही. सरकारी रुपयाच आहे, फक्त कागदाचा नाही. तुझ्या साध्या फोनात राहतो. इंटरनेट लागत नाही. भाजीवालीचा नंबर दाबायचा, रक्कम दाबायची. मग मशीनचा तुला उलटा फोन येतो, तो उचलून पिन टाकायचा. झालं, पैसे तिच्या फोनात."

"म्हणजे आमच्यासारख्या अडाण्यांसाठी."

अडाणी! बाईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. गेल्या महिन्यात दूधकेंद्रावर तिच्याकडे सुट्टे नव्हते, तर तिला बाजूला उभं करून मागच्या सगळ्या फोनवाल्यांना आधी दूध दिलं. घरी आल्यावर चहासुद्धा नको म्हणाली. नोकरी मी त्याआधी धरली होती, पण सोडायची नाही हे त्या दिवशी ठरलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

आज अहवाल बाजूला टाकून सरळ बाजारात जाऊन उभी राहिले. शारदाबेनच्या टोपल्यांपाशी. (शा. बेन : मेथी, तांदळजा, कोथिंबीर, भेंडी, आणि आवाज असा की पलीकडच्या सोसायटीत ऐकू जावा.) संध्याकाळी मकरपुऱ्याचे कारखाने सुटले, बाइकांची रांग लागली. एकाने मेथी घेतली, नंबर दाबला, रक्कम दाबली. फोन वाजला. गड्याने ऐटीत फोन कापला, मान डोलावली, आणि आता पैसे पोचणार म्हणून उभा राहिला. शा. बेन वाट बघतेय, तो वाट बघतोय. शेवटी ती करवादली, "मशीन बगडी गयुं छे!" आणि त्याने खिशातून नोट काढली.

मी विचारलं, फोन का कापलात?

"तो? घेरथी मिसकॉल आवे त्यारे कापी ज नाखीए ने. एटले समजी गया."

घरून मिसकॉल आला की कापायचाच, म्हणजे समजलं! कान गरम झाले माझे. कारण रोज संध्याकाळी अलकापुरीहून निघताना मी आईला मिसकॉल देते आणि आई तो कापते. म्हणजे कळलं, चहा टाकते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. बोलायला पैसे पडत नाहीत आता, तरी सवय तीच. मीही कापते, आईही कापते, अख्खं तरसाली कापतं. कापणं म्हणजे हो! आणि आमचं मशीन त्याला 'नाकारला' समजत बसलंय. कोणीही काहीही नाकारलेलं नाही. सगळे आठवडाभर हो-हो म्हणतायत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती हसून हसून झोपाळ्यावरून उठेचना.

११ ऑगस्ट

हिरेनशी भांडण. (आमचा प्रोग्रामर. हुशार, पण स्वतःची भाजी कधी विकत आणली नसावी.) तो म्हणतो, "इझी छे, मंजिरीबेन. कटने ज हा गणी लईए."

कापलं की हो धरायचं म्हणे. नाही म्हणजे नाही. खिशात फोन दाबला गेला, नातवाने खेळता खेळता कापला, की गेले पैसे? कापणं घरात 'हो' आहे, ते घरच्या माणसाशी. पैशाला असं चालणार नाही.

"तो लोकोने ट्रेनिंग आपो."

वीस-पंचवीस वर्षांची सवय तू ट्रेनिंग देऊन मोडणार, म्हटलं, शाब्बास. दुपारभर अबोला. खमण आणलं होतं त्याने, तेही मी खाल्लं नाही. (नंतर खाल्लं.)

१३ ऑगस्ट

अजून काही जमत नाही. बिपिनभाईंना आपली चूक सांगितली तर म्हणाले, "कारण गमे ते होय, आंकडो तो झीरो ज छे ने." कारण काही का असेना, आकडा शून्यच म्हणे. आई म्हणते, पणजोबा महाराजांच्या पागेत होते, तू एका मशीनला घोड्यासारखं वळवू शकत नाहीस? आईला काय जातंय बोलायला.

१४ ऑगस्ट

आंघोळीच्या वेळी सुचलं. आपण मिसकॉल चुकीच्या माणसाला देतोय!

पैसे देणाऱ्याला फोन करायचाच नाही. त्याने नंबर, रक्कम आणि पिन एकदमच दाबावं. आणि पैसे पोचले की मशीनने भाजीवालीला मिसकॉल द्यावा. एकदा वाजायचं आणि आपणहून कापलं जायचं. तिने उचलायचं नाही, वाचायचं नाही, काही करायचं नाही. मिसकॉल आला म्हणजे पोचलं. हे या गावात कोणाला शिकवावं लागत नाही.

केस ओले तसेच हिरेनला फोन लावला. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आ तो बहु सारुं छे." हिरेनच्या तोंडून 'बहु सारुं' म्हणजे गड जिंकला समजायचं.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले, आज दीड दिवसाचे गेले. सकाळी दुर्वा-फुलं आणायला आईला मुद्दाम तरसालीच्या बाजारात घेऊन गेले. नवं मशीन कालपासूनच चालू झालंय. फुलवाली पाकिटातल्या मोठ्या नोटेला सुट्ट्यांची नेहमीची कुरकुर करणार, तोच आईने चष्मा वर ढकलला आणि आपल्या खटखट्या फोनवर बटणं दाबली. हळूहळू, फळ्यावर आकडे लिहावेत तशी.

फुलवालीचा फोन वाजला आणि थांबला. "आवी गया, मासी!"

आईने मागे वळून रांगेकडे एकदा पाहिलं. घरी जाताना रिक्षात स्वतःशीच गुणगुणत होती, आणि मला रडू आलं. खरंच आलं.

९ सप्टेंबर

मिसकॉल मशीनचाच कशावरून? मला हीच धास्ती होती, आणि आज तो प्रसंग आलाच. एका शहाण्याने आपल्याच दुसऱ्या फोनवरून शा. बेनला मिसकॉल दिला आणि भेंडी उचलून निघाला. शा. बेनने सगळा बाजार गोळा केला. "मने मूरख समजे छे? मारा पैसानो अवाज अलग छे!"

मशीनच्या नंबराला तिने देवळातल्या घंटेची ट्यून लावून घेतलीय. बाकीचे फोन साधे वाजतात, पैसे आले की घंटा. तिचं बघून आता सगळ्यांनीच लावलीय. संध्याकाळी कारखाने सुटले की बाजारात आरती चालल्यासारखं वाटतं. त्या शहाण्याने भेंडी परत ठेवली, आणि ठेवलेली भेंडी शा. बेनने पुन्हा निवडून लावली, त्याच्या देखत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

नवरात्र. गरब्याला निघालेली तोबा गर्दी, प्रत्येक जण व्हिडिओ पाठवतोय, इंटरनेट पार आडवं झालेलं. आणि नेमके आज बिपिनभाई स्वतः बाजार बघायला आले. कडक इस्त्री, हातात महागडा फोन. शा. बेनकडून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि फोन पुढे केला. चकती फिरतेय, फिरतेय. साहेबांनी फोन उंच धरला. मग दुसऱ्या हातात घेतला. शेजारी एक कारखान्यातला माणूस आला, बटणं दाबली, घंटा वाजली, भाजी घेऊन गेला. त्याच्यामागून दुसरा. मग एक म्हातारी. घंटा, घंटा, घंटा.

शा. बेन साहेबांना म्हणाली, "साहेब, तमारुं नथी चालतुं? कंई वांधो नहीं, काले आपजो." उद्या द्या म्हणे!

हिरेन टोमॅटोंच्या क्रेटमागे तोंड लपवून हसत होता. मी हसले नाही. (मनात फुगडी घातली.) शेवटी साहेबांची कोथिंबीर मी माझ्या बटणांच्या फोनवरून घेऊन दिली. परत जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "मंजिरीबेन, ॲपनुं पछी जोईशुं." ॲपचं नंतर बघू म्हणे! अडगळीवाले जिंकले.

१५ ऑक्टोबर

आणि आता हे. चाचणीची मुदत संपतेय. पुढे सगळ्या जिल्ह्यात चालवायचं तर मुंबईच्या मोठ्या बँकेची मंजुरी हवी. ती येईपर्यंत व्यवहार थांबणार. फोनातले पैसे सुरक्षित राहतील, पण ज्याला हवे त्याला रोख परत द्यायचे.

बिपिनभाई म्हणाले, "केटला लोको पाछा लेवा आवे छे, ए ज आंकडो हुं मुंबई लई जईश." म्हणजे किती जण पैसे परत घ्यायला येतात, त्यावरून लोकांचा विश्वास किती ते दिसणार. साहेबांचं चुकत नाही. पण दिवाळीच्या तोंडावर? फटाके, कपडे, मिठाई सगळं बाकी असताना नोटा परत मिळतायत म्हटल्यावर कोण सोडेल? मी असते तर रांगेत पहिली उभी राहिले असते.

आई म्हणाली, "मी नाही घेणार. इथेच राहू देत माझे." तू धरून एकच गं, म्हटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाजारात टेबल लावलं. मी, हिरेन, कुलपाची पेटी. कालपासून सगळ्यांना घसा फोडून सांगितलं होतं, आज पैसे परत मिळणार. चारला बसलो. पाच वाजले. येणारे जाणारे बघतायत, "केम छो" म्हणतायत, पुढे जातायत. फुलवालीने दोघांना चहा पाठवला. पैसे मागायला कोणी नाही. हिरेन म्हणाला, यांना कळलं नसेल. मी उठून पुन्हा ओरडून सांगितलं. वांगीवाल्याने तिथूनच हात हलवला, "खबर छे, बेन, खबर छे!"

मी पेटीचं कुलूप उगाच दोनदा ओढून बघितलं.

दिवेलागणीला शा. बेन उठली. थेट टेबलाकडे. झालं, म्हटलं, हिच्यामागून सगळे येणार. मी पेटीचं कुलूप काढलं. तिने कमरेची थैली सोडली आणि दिवाळीच्या कमाईच्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"आ पण अंदर मूकी दे ने, बेन. घरमां रहेशे तो वपराई जशे."

हेही आत ठेव म्हणे, घरात राहिले तर खर्च होतील! हिरेन दुसरीकडे बघायला लागला. शेवटी मीच सांगितलं, की आज आत घालता येत नाहीत, मंजुरी आली की मग.

"क्यारे आवशे?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही. आठवडा लागेल, की वर्ष, की कधीच नाही.

तिने नोटा गोळा करून पुन्हा थैलीत घातल्या. "सारुं. तो हुं काले पूछवा आवीश."

उद्या विचारायला येणार म्हणे. उद्या खरं तर टेबल लावायचं नव्हतं. लावते.