सत्तावीस नंबरचा मोह

४ फेब्रुवारी
विळी लपवून ठेवली. जा.बा. ती फेकाले निघाला होता. म्हणे, "आई, जमिनीवर उभं पातं ठेवणं ही डिझाइनचीच चूक आहे." तीस वर्सं त्याच विळीवर भाजी चिरली, माझी दहाची दहा बोटं जागेवर आहेत. मंग त्यानं आपल्या नव्या सुरीनं कांदा कापला अन् दोन बोटांले पट्टी. पोरगी नर्स आहे म्हून घरातल्या घरात भागलं.
जा.बा. म्हणजे जावईबापू. पूर्ण लिवाले कंटाळा येते. तोंडावर तुमी, वहीत तो. वही माझी आहे.

७ फेब्रु.
सुजाताची ड्युटी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात. याची कंपनी पुण्याची, ते म्हणते कुठूनबी काम करा. म्हून दिवाळीपासून दोघं माझ्या घरी. टेबलाखाली चार-चार विटा लावल्या अन् उभ्यानं काम करते. बसणं वाईट म्हणे. दिवसभर उभा राहणारा माणूस, पण हापशीवरून एक बादली आणत नाई.
काम काय, ते आज विचारलं. प्रोग्राम लिवते. कोणाच्या घरी सामान पोचलं की त्याच्या मोबाईलवर टिंग वाजते, ते टिंग हा वाजवते. त्याच्यासाठी सोळा वर्सं शाळा. मी चौथीत सोडली.
माऊस वापरणाऱ्या लोकांचा त्याले राग येते. हात उचलून माऊसकडं नेण्यात वेळ जाते म्हणे. वाचवलेला वेळ ठेवते कुठी, ते काई दिसलं नाई.

८ फेब्रु.
ही वही पाहून म्हणे, "घरातलं सगळ्यात चांगलं साधन हेच. चार्जिंग नाही, अपडेट नाही." पह्यल्यांदा शहाण्यासारखं बोलला. लगेच म्हणे, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू का. वही तांदळाच्या कोठीत टाकली.

१३ फेब्रु.
वाघाच्या बंदोबस्तासाठी ब्रह्मपुरी रोडवर रस्ता रोको. माझी मैतरीण शेवंता, मी, गावातल्या सगळ्या बाया. मागच्या साली शेवंताच्या जावेले वाघानं मोहाच्या झाडाखालीच नेलं. कमला नाव. फुलं वेचून राह्यली होती, मुंडी खाली. वाळलं पान जाळलं नव्हतं त्या झाडाखाली, घोट्याच्या वर पान. मागून आला ते कळलंच नाई.
सांजी जा.बा. तणतणत आला. बस दोन घंटे अडकली. "रस्ता अडवून काय मिळतं, आई? ज्यांना त्रास होतो ते तर साधे लोक. ऑनलाइन निवेदन द्या, आकडे द्या, नकाशा द्या. सरकारला पुरावा लागतो."
ज्या बसमध्ये तो होता तिच्याच टायरासमोर मी बसली होती. त्याले दिसली नाई. मुंडी मोबाईलात असंन.
सांगतलं नाई. भाकर वाढली. चटणी थोडी जास्त.

२१ फेब्रु.
कंपनीवाले आले. जीप, टोपीवाली मॅडम, पाण्याच्या बाटल्या. सभेत बोलली. जंगल गावाच्या हक्काचं आहे, त्याले आग लागू दिली नाई तं तीस वर्सं गावाले पैसे. कार्बन म्हणे. मले जेवढं समजलं तेवढं असं: आमच्या जंगलात न लागलेली आग ते बाहेरच्या लोकांले विकतील.
ग्रामसभेचा अध्यक्ष तुळशीरामभाऊ खूश. पाण्याची टाकी होईल म्हणते. अर्धं गाव खूश.
जंगलाच्या हक्काचा तो कागद कसा आला ते कोणी बोललं नाई. आम्ही बाया तीन दिवस हापिसाच्या दारात बसलो होतो, पायऱ्यांवर भात शिजवला होता. निवेदनं तं त्याच्या आधी सात वर्सं देऊन राह्यलो होतो.

२२ फेब्रु.
जा.बा.ले कंपनीची गोष्ट आवडली. म्हणे, जो जाळंन त्यानं भरावं, जो वाचवंन त्याले मिळावं, हवामानाचा सगळा उपाय एवढाच.
मी म्हटलं, तुमी पुण्याहून नागपूरले विमानात आले, त्याचं कोण भरते?
मंग म्हणे, "मीच भरायला पाहिजे. भरत नाही."
सरळ आहे माणूस. सरळ माणसाचा ताप वेगळा असते, त्याच्यावर धड रागावताबी येत नाई.

२७ फेब्रु.
त्याचं म्हणणं, तुमची मोहाची झाडं कंपनीच्या नकाशात नसली तं उद्या म्हणतील हे झाड कोणाचंच नाई. हे पटलं. आमच्यात कोणतं झाड कोणाचं ते सासूपासून सुनेले माहीत. कागद नाई. पण एकीच्या झाडाखाली दुसरी वेचत नाई.
चार दिवस त्याले घेऊन फिरणार आहे. बूट असे घातले जसा चंद्रावर चालला.

२ मार्च
झाडं संपली. प्रत्येकापाशी उभा राहते, मोबाईल वर धरते, मंग विचारते: कोणाचं? मी सांगते, तो टिपते. झाडाले नंबर. माझं सत्तावीस. सासूच्या सासूनं वेचलेलं झाड, त्याले आता नंबर भेटला. शेवंताचं अठ्ठावीस, नाल्याच्या पल्याड.
पान कसं काढता, विचारलं. म्हटलं, जाळतो. कोण कोण? म्हटलं, सगळ्याच, अन् नावं सांगतली. तेबी टिपलं.
काटा लागला त्याले. मीच काढला, सुईनं. ओरडला नाई, हे लिवून ठेवते.

६ मार्च
पान जाळलं. मी अन् शेवंता, दोघींची झाडं. आधी चारी बाजूनं झाडून पट्टा मोकळा केला, ओल्या पळसाच्या फांद्या हातात. मधी खळ्याएवढी जागा जळते, बस. राख होईपर्यंत उभ्या राह्यलो. आता मागं-पुढं लांबवर दिसते. काळ्या जमिनीवर पिवळं फूलबी दिसते अन् वाघाचा पायबी दिसते.
शेवंता म्हणे, कमलीनं तेवढं एक वर्स आळस केला.

१८ मार्च
कंपनीचं पत्र आलं. तुळशीरामभाऊनं चावडीत वाचलं. उपग्रहाले आमच्या जंगलात आग दिसली. ती कुठी लागली ते त्यांनी नकाशावर ठेवून पाह्यलं. कोणत्या नकाशावर, तं जा.बा.च्या. एकोणीस झाडं, एकोणीस बायांची नावं. पह्यलं नाव भागरताबाई, म्हणजे मी. दुसरं शेवंता.
या एकोणीस बाया पाच वर्सं आपल्या झाडाकडं जाणार नाई असं सभेनं लिवून दिलं तं करार. नाई तं नाई. तीस तारखेले सभा.
तुळशीरामभाऊ कोणाकडं पाहून बोलला नाई. टाकीचं बोलला.

१९ मार्च
जा.बा.ले विचारलं, नकाशा त्यांच्यापाशी गेला कसा?
"मीच उघडा ठेवला होता, आई. सगळ्यांना दिसेल असा. उघडं असलं की कोणी खोटं बोलू शकत नाही."
म्हटलं, कोणीच खोटं बोललं नाई. तेच तं झालं. काढून टाका.
"माझ्याकडून काढला. त्यांनी उतरवून घेतलाय. तो आता निघत नाही."
हे असलं हत्यार. कुऱ्हाड लाकूड तोडून झालं की माळ्यावर जाते. याले माळाच नाई.
मी म्हटलं, तिकडं चंद्रपूरकडं कोळसा जळते, तो नाई दिसत का उपग्रहाले?
"दिसतो. पण त्याला परवानगी आहे."
हे म्हणताना त्याचं तोंड उतरलं होतं. उतरू दे.

२० मार्च
शेवंता हापशीवर भेटली. मी बोलाले गेली. ती म्हणे, "तुह्या जावयानं मोबाईल आणला, तो परका हाये. माहं नाव तं तू सांगतलं, भागरता." बादली उचलली अन् गेली.
खरं आहे. मले विचारलं अन् मी पटपट बोलली. शाळेत मास्तरले उत्तर येते म्हून हात वर करत होती तशी. एका बाईले विचारलं नाई, तुझं नाव देऊ का म्हून.
दिवसभर जा.बा.ले शिव्या दिल्या मनात. पुरल्या नाई. काही माझ्यासाठीबी ठेवाव्या लागल्या.

२३ मार्च
फुलं पडून राह्यली. वरून पान पुन्हा पडलं, घोट्यापर्यंत. सभेपर्यंत कोणी काडी लावाची नाई असं ठरलं. वेचाले जाणं बंद नाई, पण बाया जाऊन नाई राह्यल्या. फुलं हरणं खाऊन राह्यली.
जा.बा.नं कुठून तं जाळी मागवली, हिरवी. झाडाखाली बांधाची, फूल वर पडते, पान जाळा लागत नाई. एक चांगला खराटाबी. म्हटलं, चला मंग उद्या. तुमीच लावा.

२४ मार्च
पाचले निघालो. तो खराट्यानं पान लोटाले लागला. मी काठी घेऊन पाठीमागं उभी. वाकून वाकून अर्ध्या घंट्यात गाडीएवढीबी जागा साफ झाली नाई. मंग मागून पान वाजलं. तो होता तसाच राह्यला, खराटा हातात, पाठ वाकलेली. मान वळवाचीबी हिंमत झाली नाई त्याले.
रानडुक्कर होतं. गेलं.
खूप वेळानं विचारते, "तुम्ही वाकता तेव्हा तुमच्या पाठीमागं कोण उभं असतं?"
म्हटलं, कोणी नाई. म्हून जाळतो.
जाळी बांधूनच आला मात्र.

२५ मार्च
खरं लिवते. जाळीत फूल चांगलं येते. माती नाई, काडी नाई, धुवा लागत नाई. हरणाले पोचता येत नाई. साधन बरं आहे. पण जाळीले डोळे नाई, मागचं काही दाखवत नाई. दुपारी त्याले सांगतलं, तुमची जाळी अर्धी बरी आहे. त्यानं ते लगेच कुठी तं टिपलं. म्हटलं, माझं नाव लावू नका. म्हणे, नाही लावत. दाखवलंबी.

२६ मार्च
तुळशीरामभाऊ घरी आला. चहा घेतला. म्हणे, बाई, पाच वर्सांचीच तं गोष्ट आहे. मी म्हटलं, भाऊ, पाच वर्सं माझ्या झाडाखाली कोणी नाई गेलं, तं सहाव्या साली ते माझं होतं हे कोण सांगंन? तुमी?
चहा संपवला त्यानं. टाकीचं काई बोलला नाई या टायमाले.

२८ मार्च
जा.बा. म्हणे, आपण उत्तर देऊ, मी टाईप करतो. म्हटलं, टाईप नाई. हातानं लिवा, एकच कागद. त्याची नक्कल निघाली नाई पाह्यजे.
सहा वर्सांत पेन धरला नाई म्हणे. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. माझं बरं आहे.
मी सांगतलं, त्यानं लिवलं: आम्ही जाळतो. खळ्याएवढं. फुलं पडाच्या आधी. विझेपर्यंत उभ्या राहतो. जंगल पेटलं असं एकदाबी झालं नाई. आमची कमला न जाळलेल्या पानात गेली. ज्याले खोटं वाटते त्यानं सकारी पाचले यावं अन् वाकून दाखवावं. झाड सोडणार नाई.
त्यानं एक ओळ आपल्या मनानं घातली होती, हवामानाच्या काळजीची. खोडाले लावली. मंग पुन्हा वाचलं अन् जाळी वापरू असं एक वाक्य मीच घातलं. जाळी अन् आगबी, दोन्ही.
तो म्हणे, मी पण सही करू?
म्हटलं, तुमचं झाड कुठी आहे?
पेनाचं टोपण लावलं त्यानं. नंतर म्हणे, रविवारी येतो सभेत, नकाशा मी काढला होता हे सगळ्यांसमोर सांगतो. म्हटलं, या. रस्ता अडवून काई मिळत नाई म्हणाले होते ना, मंग बाया समोर बसल्या की काय होते ते पहाच एकदा.
हासला थोडा. पह्यल्यांदा बादली घेऊन हापशीवर गेला. अर्धी सांडली.

२९ मार्च
कागद घेऊन बायांकडं गेली. या टायमाले दारात उभी राहून आधी विचारलं, नाव द्याचं का? नाई द्याचं तं नको.
सतरा घरं. कोणी म्हणे नवऱ्याले विचारते, कोणी म्हणे टाकी होऊन राह्यली तं होऊ दे. एकीनं दार लावून घेतलं. शेवंताच्या घरी गेलीच नाई, पाय उचलला नाई.
सांजी माझी एकटीची सही केली. भागरताबाई, झाड सत्तावीस. खाली कागद तसाच कोरा. त्या कोऱ्या जागेकडं पाहून सुजाता म्हणे, आई, एकटीचं नाव उद्या त्यांच्या आणखीच कामी येईल. येईल. पण ते माझं आहे, मी दिलेलं आहे.

३० मार्च, रविवार
सकारी झाडाकडं. काडीपेटी कमरेले होती. काढली नाई. जाळीतली फुलं टोपलीत भरली, पाठ झाडाले लावून.
अठ्ठावीसखाली शेवंता होती. बारा दिवसांनी पह्यल्यांदा आलेली. पानात हात घालून वेचून राह्यली होती, वाकून. मी टोपली खाली ठेवली अन् नाला ओलांडला. तिच्याकडं पाठ करून उभी राह्यली, तोंड जंगलाकडं. बोलली नाई मी. तीबी नाई.
तिची टोपली भरेपर्यंत उभी होती.
उठताना तिनं विचारलं, "कागद कोणापाशी हाये?"
"माह्यापाशी."
तिनं टोपली डोक्यावर घेतली अन् पुढं चालू लागली.
सभा अकराले. जा.बा. शर्टाले इस्तरी करून राह्यला. कागदाची घडी केली नाई, सपाट ठेवला, खाली जागा आहे. पेन घेतला. दुसराबी एक घेतला.