आखाजीचा पहिला झोका

जळगाव, चैत्र वद्य दशमी

गृहराज्याच्या सार्वभौम स्वामिनी सौ. भिकुबाई यांस, आशीर्वाद द्यावा की दंडवत घालावा या धर्मसंकटात सापडलेल्या पतीकडून दोन्ही.

प्रकृती उत्तम. गिरणीतील कापूसतंतूंनी मस्तक अकाली शुभ्र केले असून खोकलाही विद्वानासारखा गंभीर येतो. चिंता नसावी.

चि. तुळसा विवाहानंतर प्रथमच आखाजीच्या सणाला माहेरी येणार, म्हणून मी रजेची याचना केली. मुकादम कृपावंत होऊन वदले, "जाय ना भाऊ! पन तुनी जागावर दुसरा बठी जाई." तो दुसरा रोज पहाटे गिरणीच्या दाराशी उभाच असतो. गतवर्षी तेथे मीच उभा होतो. सबब आगमन रहित.

दरवर्षी माझ्या हस्ते होणारे झोकाबंधन यंदा शेजारच्या सुकदेवभाऊंवर सोपवावे. दोर नवा घ्यावा आणि निंबाखाली प्रथम आपण स्वतः विराजमान व्हावे. आपला भार पेलला, तर तुळसेची काळजी नाही.

ती माझ्यावर रुसली का? उत्तर शिव्यांचे असले तरी सविस्तर असावे. येथे माझ्याशी भांडणारेही कोणी नाही. फक्त तिला पहिला झोका कोणी दिला, तेवढे कळवू नये.

आपला गिरणीबद्ध,
रुपचंद