सूर्याच्या पोटातला लोखंडी गोळा

१० फेब्रुवारी २०२५, लातूर.
विज्ञान दिनाला औशाच्या कॉलेजात माझं व्याख्यान. विषय : सूर्याचं चुंबक आणि सूर्यावरचे डाग. प्राचार्य भुजंगराव स्वतः घरी आले. तेवढी तरी अक्कल आहे.

१२ फेब्रु.
सिद्धांत तयार. सूर्याच्या पोटात लोखंडाचा अवाढव्य गोळा. तेच चुंबक. पुस्तक उघडलं नाही. डोकं असलं की लागत नाही.

१५ फेब्रु. सकाळी.
शिवांगीचा फोन. लेक नांदेडला एम.एस्सी. करते. म्हणे, "पप्पा, एवढ्या उष्णतेत लोखंडाचं चुंबक टिकत न्हाई. सूर्य म्हणजे विद्युतभारित वायू. तो आत खदखदतो, फिरतो, त्यातून चुंबकत्व तयार होतं. मधला पट्टा भरभर फिरतो, ध्रुव सावकाश. म्हणून चुंबकरेषा पिळल्या जातात. पिळाचा वेढा वर आला की आतली उष्णता तिथं अडते. ती जागा काळी दिसते. तोच डाग."
मधले पुढं अन् टोकाचे मागं! सूर्य आहे का वरात?
बेंगळुरूला सूर्यावरच संशोधन करायचंय म्हणे, मुलाखत आहे. नाही म्हणालो. सूर्य लातूरहूनही दिसतो.

२१ फेब्रु.
भाषणाची रंगीत तालीम. बायको पेंगली. असले श्रोते!

२८ फेब्रु. संध्याकाळी.
हॉल गच्च. बहुतेक गाढवं. फरीदा नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, दर अकरा वर्षांला डाग लई वाढतात, तवा सूर्याचे ध्रुवबी उलटे होतात. मग तो गोळा पलटी मारतो का?"
उद्धट. पाणी प्यालो. पुन्हा प्यालो. मागच्या रांगेत हसले. शेवटी मोठ्या मनानं शिवांगीला फोन लावला, माइकला टेकवला. ती म्हणाली, डागांचं विखुरलेलं चुंबकत्व ध्रुवांकडं सरकतं, तिथलं जुनं पुसतं, उलटं नवं बसवतं. मग डाग कमी होतात, पुन्हा पिळायला सुरुवात.
टाळ्या थांबेनात. भुजंगरावांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिलाच दिलं. फोन कधी लावावा, हे कळायलाही विद्वत्ता लागते.
एका हातात मोबाइल, दुसऱ्यात माइक, शेवटपर्यंत मीच धरून उभा. माइक जड होता.

२ मार्च.
शिवांगी बेंगळुरूला गेली. मला विचारलं नाही. तिकीट तिच्या आईनं काढून दिलं. शेजारच्या श्रीमंतरावांना सांगितलं, मीच पाठवली.

४ मार्च.
पेपरात माझा फोटो! मधोमध, मोठा. खाली छापलंय : 'शिवांगी यांच्या व्याख्यानात रंगलेले विद्यार्थी. मोबाइल धरून उभे असलेले एक पालक.'